युरियातल्या प्रथिनाचं वस्तुमान ४३ ने वाढतंय, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा वाढतंय

मास स्पेक्ट्रमवर, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानाच्या आलेखावर, हवं ते शिखर जागेवर आहे, पण त्याच्या उजवीकडे ४३, ८६, १२९ डाल्टनवर बुटकी शिखरं रांगेत उभी आहेत. किंवा प्रथिनं प्रभार आणि आकार यांनुसार वेगळी करणाऱ्या द्विमितीय जेलवर जिथे एक ठिपका यायला हवा तिथे आम्लाच्या बाजूला सरकत गेलेली ठिपक्यांची माळ दिसते. किंवा काहीच विचित्र दिसत नाही, फक्त ट्रिप्सिन या एन्झाइमने तोडलेल्या नमुन्यातून दर वेळी थोडे कमी पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे तुकडे, ओळखले जातात. तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: ज्या ८ मोलर युरियात प्रथिन विरघळवलं, तोच युरिया प्रथिनाला चिकटलाय.

याला कार्बामायलेशन म्हणतात आणि ते माहीत नसलेला माणूस प्रोटिओमिक्सच्या (प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासाच्या) लॅबमध्ये क्वचितच सापडेल. तरीही ही तक्रार परत परत येते. आमच्याकडे चार वेळा आली. प्रत्येक वेळी युरियाची नवी बाटली मागवली, प्रश्न सुटला, सगळ्यांनी जुन्या बाटलीला आणि ती बनवणाऱ्या कंपनीला नावं ठेवली. दोनतीन महिन्यांनी पुन्हा ४३. चौथ्या वेळी कुणीतरी वही उघडून तारखा लावून पाहिल्या, तेव्हा कळलं की नव्या बाटलीमुळे प्रश्न सुटतच नव्हता. नवी बाटली आली की साहजिकच द्रावणही ताजं बनायचं, आणि ते ताजं असेपर्यंत सगळं ठीक चालायचं. पांढरी कोरडी भुकटी निर्दोष होती. गुन्हेगार होती शेल्फवरची एक लिटरची, पाण्यात विरघळवून ठेवलेली बाटली.

पाण्यात युरिया स्वस्थ बसत नाही

वोहलरने १८२८ साली अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. ती अभिक्रिया उलटही चालते, हे त्या धड्यात सहसा नसतं. पाण्यातला युरिया अगदी थोड्या प्रमाणात अमोनियम आणि सायनेटमध्ये मोडत राहतो, आणि ते दोघे परत युरिया बनवत राहतात. ८ मोलर द्रावण समतोलाला पोचलं की त्यात साधारण २० मिलिमोलर सायनेट असू शकतं. टक्क्यात पाहिलं तर हा आकडा नगण्य आहे, म्हणूनच फसायला होतं. तुमच्या प्रथिनाशी तुलना करून पाहा. ५० किलोडाल्टनचं प्रथिन मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात घेतलं तर त्याची संहती २० मायक्रोमोलर होते. म्हणजे प्रत्येक रेणूमागे सायनेटचे हजार रेणू वाट पाहत बसलेत. त्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल ४० ठिकाणी धरलं तरी प्रत्येक लायसिनच्या वाट्याला पंचवीस येतात.

सायनेटचं प्रोटॉन घेतलेलं रूप, म्हणजे आयसोसायनिक आम्ल, मोकळ्या अमिनो गटावर चढतं आणि तिथे ४३.००६ डाल्टनची भर घालतं. अमिनो गट प्रोटॉन न घेतलेला असेल तरच हे जमतं. त्यामुळे सातच्या आसपासच्या पीएचला साखळीच्या टोकाचा अमिनो गट आधी बळी पडतो, आणि पीएच साडेआठनऊकडे सरकला की लायसिनचीही पाळी येते. सिस्टीन या अमिनो आम्लातला गंधक तर याहून चपळ असतो, पण तिथली जोड आम्लारिधर्मी द्रावणात सुटून जाते. अमिनो गटावरची सुटत नाही. ती प्रथिनाला जन्माची चिकटते, नंतर डायलिसिस करा नाहीतर आणखी काही.

यात नवं काही नाही. स्टार्क, स्टाइन आणि मूर यांनी १९६० मध्येच रायबोन्यूक्लिएजवर हे दाखवून दिलं होतं. योगायोग असा की ॲनफिन्सनने ८ मोलर युरियात उलगडून पुन्हा घडी घालायला लावलेलं प्रथिनही रायबोन्यूक्लिएजच होतं, आणि १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल ॲनफिन्सन, मूर आणि स्टाइन या तिघांना मिळालं.

आमच्या मजल्यावर एक जण कार्बनी संश्लेषण करतो. त्याला हे रडगाणं ऐकवलं तर तो हसायलाच लागला. "तुम्ही ज्याला बिघाड म्हणताय ना, ती आमची प्रिपरेशन आहे," म्हणाला. ॲनिलीन हायड्रोक्लोराइड आणि युरिया पाण्यात एकत्र उकळले की फिनाइलयुरिया मिळतो. उकळत्या पाण्यात युरियातून सायनेट निघतं, ते ॲनिलीनच्या अमिनो गटावर बसतं, आणि गार केल्यावर छान स्फटिक पडतात. त्याची तक्रार आमच्या उलट होती: फार वेळ उकळलं तर एकाच युरियाला दोन ॲनिलीन लागून डायफिनाइलयुरिया तयार होतो आणि शुद्धीकरणाची कटकट वाढते. त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. तो ज्या तीन गोष्टी मुद्दाम पुरवतो, म्हणजे उष्णता, वेळ आणि मोकळं अमाइन, त्याच आपण नकळत पुरवत असतो. आपल्या अमाइनला आपण प्रथिन म्हणतो, एवढाच काय तो फरक.

आधी खात्री करा की हे तेच आहे

आकारानुसार वेगळं करणाऱ्या एसडीएस जेलवर कार्बामायलेशन दिसत नाही. पन्नास हजार डाल्टनच्या पट्टीत ४३ ची भर म्हणजे समुद्रात चमचाभर पाणी. "जेलवर तर स्वच्छ एकच पट्टी आहे" हा बचाव इथे चालत नाही. प्रभारानुसार वेगळं करणाऱ्या आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगमध्ये मात्र ते लगेच उघडं पडतं. प्रत्येक जोडीबरोबर एक धन प्रभार कमी होतो आणि प्रथिन आम्लाकडे एक पायरी सरकतं. ठिपक्यांची माळ याच पायऱ्यांची असते. अशी माळ फॉस्फेट लागूनही बनते. तेव्हा माळ दिसली की लगेच युरियाला दोष देऊ नका आणि लगेच जैविक शोधाचा आनंदही साजरा करू नका.

मास स्पेक्ट्रोमीटरवर ४३.००६ आणि ॲसिटिलेशनचे ४२.०११ यांत जवळजवळ एकाचा फरक आहे, त्यामुळे गोंधळ व्हायला नको असं वाटतं. पण ॲसिटिल लागलेल्या पेप्टाइडचं कार्बन-१३ वालं शिखर ४३.०१४ वर पडतं. दोन्हींत उरलं फक्त ०.००८ डाल्टनचं अंतर. १५०० डाल्टनच्या पेप्टाइडसाठी ते दहा लाखांत पाचेक भाग होतं. उपकरणाचं कॅलिब्रेशन ढिलं असेल किंवा सॉफ्टवेअरने पहिलं समस्थानिक शिखर चुकीचं धरलं असेल, तर एक दुसऱ्याच्या नावावर खपून जातं. सिस्टीन झाकायला मुद्दाम घालतात त्या आयोडोॲसिटमाइडमुळे येणारी भर ५७.०२१ ची असते, तिच्याशी घोळ होण्याचं कारण नाही.

सॉफ्टवेअरने डेटात पेप्टाइड शोधताना कार्बामायलेशन हा बदल यादीत घातलाच नसेल, तर ते पेप्टाइड सापडतच नाहीत. ते "खराब" म्हणून दिसत नाहीत, गायबच होतात. कव्हरेज (प्रथिनाचा किती भाग ओळखला गेला ते) हळूहळू घसरतंय अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी जुन्याच डेटावर, टोकाचा अमिनो गट आणि लायसिन या दोन जागांवर हा बदल धरून, पेप्टाइड नव्याने शोधायला सांगते. नवा प्रयोग नाही, खर्च नाही, आणि अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

कधी घडलं ते पेप्टाइडच सांगतात

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती हीच. सूचनापत्रांमध्ये ती क्वचितच दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिननंतर तोडतं. लायसिनवर कार्बामिल (तीच ४३ ची भर) बसलं की त्याचा धन प्रभार जातो आणि ट्रिप्सिनला ते ओळखू येत नाही, तिथे तोड पडत नाही. त्यामुळे पेप्टाइडच्या मध्यभागी न तुटलेला, ४३ ची भर असलेला लायसिन सापडला, तर ती भर ट्रिप्सिन घालण्याच्या आधी पडली असं धरायला हरकत नाही. संशय जातो मूळ युरिया द्रावणावर, पेशी फोडताना झालेल्या गरमपणावर किंवा नमुना बफरमध्ये पडून राहिला त्या दिवसांवर.

याउलट पेप्टाइडच्या पहिल्याच अमिनो आम्लावर भर असेल, आणि ते पेप्टाइड मूळ साखळीचं पहिलं टोक नसेल, तर तो अमिनो गट तोडण्यापूर्वी मोकळा नव्हताच. तो ट्रिप्सिनने मोकळा केला आणि मग सायनेटने पकडला. म्हणजे दोष पचनाच्या वेळचा किंवा त्यानंतरचा: रात्रभर ३७ अंशांवर युरियात ठेवलेली नळी, किंवा क्षार न काढता फ्रीजमध्ये टाकून दिलेला नमुना.

दोन्ही प्रकार मोजा आणि कोणते जास्त ते पाहा. आमच्या पहिल्या तीन प्रकरणांचा जुना डेटा असा पुन्हा चाळला तेव्हा पहिल्या प्रकारचे पेप्टाइड भरपूर निघाले. चौथ्यात मात्र दुसऱ्या प्रकारचे जास्त होते. म्हणजे दोन वेगळे दोष एकाच तक्रारीच्या नावाखाली येत होते. एक दुरुस्त केला तरी दुसरा तसाच राहायचा, म्हणून तर "पुन्हा आलं" असं वाटायचं.

शंका उरलीच तर एक छोटी चाचणी करा. टोकाचा अमिनो गट मोकळा असलेला, मध्ये एखादा लायसिन असलेला कोणताही ओळखीचा पेप्टाइड घ्या. चार नळ्या: शेल्फवरचा युरिया आणि आज बनवलेला युरिया, प्रत्येकी एक खोलीच्या तापमानाला आणि एक ३७ अंशांवर, रात्रभर. सकाळी आम्ल घालून थांबवा, क्षार काढा, चारही मोजा. शेल्फवरच्या दोन्ही नळ्यांत ४३ आणि ताज्या दोन्हींत जवळजवळ नाही, असं निघालं तर द्रावण दोषी. फक्त ३७ अंशांच्या दोन्हींत असेल तर पद्धत दोषी.

द्रावण दोषी असेल तर

आमच्या लॅबमध्ये द्रावण बनवण्यातच तीन चुका एकदम होत होत्या, आणि तिन्ही चांगल्या हेतूने.

पहिली चूक उष्णतेची. युरिया पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. ८ मोलर बनवताना बीकरला हात लावलात तर तो फ्रीजमधून काढल्यासारखा गार लागतो, आणि गार पाण्यात उरलेला युरिया विरघळेनासा होतो. मग मॅग्नेटिक स्टररचं गरम करण्याचं बटण फिरवलं जातं. आमच्याकडे ते साठच्या आसपास फिरवलेलं असायचं आणि त्यावर बीकर तासभर विसरलेला असायचा. सायनेट तयार होण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. थोडक्यात, आम्ही ताजं द्रावण जुनं करूनच बाटलीत भरत होतो. उपाय साधा: बीकर ३० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात ठेवून ढवळा. ३७ च्या वर जाऊ नका. वेळ लागतो, लागू द्या. मायक्रोवेव्हकडे तर बघूही नका.

दुसरी चूक पाण्याच्या मापाची. १०० मिलिलिटर ८ मोलरसाठी ४८.०५ ग्रॅम युरिया लागतो, आणि विरघळल्यावर तो साधारण ३६ मिलिलिटर जागा व्यापतो. सवयीने ८० मिलिलिटर पाण्यात घालायला सुरुवात केली तर शेवटी ११६ मिलिलिटर होतं आणि संहती ६.९ वर येते. मग "प्रथिन नीट विरघळत नाही" ही आणखी एक तक्रार सुरू होते. सुरुवात ५५ ते ६० मिलिलिटर पाण्याने करा, शेवटी माप भरा.

तिसरी चूक मला स्वतःला फार उशिरा कळली. आम्ही ट्रिस हा बफर घालून पीएच ८.० लावायचो, तेही बीकर गार असतानाच, कारण सगळ्यांना घाई. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने बदलतो. १० अंशांवर ८.० लावलेलं द्रावण २५ अंशांवर ७.६ च्या जवळ येतं. आणि उलटही व्हायचं: कुणीतरी बीकर गरम असताना ८.० लावायचं, मग ते गार झाल्यावर पीएच वर चढायचा आणि लायसिन आणखी उघडे पडायचे. दोन आठवड्यांच्या द्रावणांत फरक का पडतो याचं अर्धं उत्तर इथे होतं. द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच पीएच लावा. दाट युरियात इलेक्ट्रोड तसाही अगदी खरा आकडा दाखवत नाही, त्यामुळे निदान दर वेळी एकाच पद्धतीने लावलेला बरा.

सायनेट काढायला मिश्र आयन-विनिमय रेझिन वापरतात. धन आणि ऋण दोन्ही आयन ते ओढून घेतं, त्यामुळे सायनेटबरोबर अमोनियमही जातं. १०० मिलिलिटरला सुमारे ५ ग्रॅम रेझिन घालून अर्धा ते एक तास ढवळा, विद्युतवाहकता मीटरवरचा आकडा खाली येऊन थांबला की गाळून घ्या. यातली ठरलेली चूक म्हणजे ट्रिस आणि मीठ घातल्यानंतर रेझिन टाकणं. मग रेझिन तुमचा बफरच खाऊन टाकतं, सायनेटसाठी त्यात जागा उरत नाही, आणि पीएच भलतीकडेच जातो. क्रम लक्षात ठेवा: नुसता युरिया आणि पाणी, मग रेझिन, मग गाळणं, मग बफर, मग पीएच, मग माप. रेझिनमधून काढलेलं द्रावणही कायमचं शुद्ध राहत नाही. त्याच क्षणापासून समतोलाकडे त्याचा प्रवास पुन्हा सुरू होतो. "डीआयोनाइज्ड" असं लिहिलेली चार महिन्यांपूर्वीची बाटली बघितली की आता मला हसू येतं. तेव्हा येत नसे, कारण ती मीच लिहिलेली होती.

द्रावणाचा पीएच आपोआप वर सरकत असेल किंवा झाकण उघडताच अमोनियाचा वास आला, तर पुढची चौकशी नको, ओतून द्या. सायनेटचं पाण्याशी विघटन होऊन अमोनिया आणि बायकार्बोनेट बनतात, पीएच त्यामुळेच चढतो.

साठवायचंच असेल तर लहान नळ्यांत वाटून उणे २० किंवा त्याखाली. एकदा वितळवलेली नळी परत गोठवायची नाही. वितळवताना तळाशी स्फटिक उरलेले असतात आणि वरचं पाणी पातळ असतं, वरवरचंच उचललं तर ८ मोलरच्या नावाखाली भलतंच काहीतरी हातात येतं. सगळं कोमट करून, हलवून, पारदर्शक झाल्यावरच वापरा. आम्ही शेवटी साठवणंच सोडलं. भुकटी आधीच तोलून नळ्यांत भरून ठेवतो आणि लागेल तेव्हा पाणी घालतो.

संहती तपासायची असेल तर रिफ्रॅक्टोमीटर झकास. २५ अंशांवर युरियासह आणि युरियाशिवाय त्याच बफरचा अपवर्तनांक मोजा. फरकाला ११७.६६ ने गुणा, त्यात फरकाचा वर्ग गुणिले २९.७५३ आणि घन गुणिले १८५.५६ मिळवा. फरक ०.०६६४ आला तर उत्तर ८.० मोलर. एक थेंब पुरतो.

पद्धत दोषी असेल तर

युरियात असलेला नमुना ९५ अंशांवर उकळू नका. हात सवयीने हीट ब्लॉककडे जातो, कारण जेलचा प्रत्येक नमुना तसाच करायचा असं आपण शिकलेलो असतो. युरियाने प्रथिन आधीच उलगडलेलं आहे. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवणं बहुतेक वेळा पुरतं. डायसल्फाइड तोडण्याची पायरीही ५६ ऐवजी खोलीच्या तापमानाला किंवा ३७ वर करा, थोडा जास्त वेळ देऊन.

सोनिकेटर हा लपलेला हीटर आहे. नळी बर्फात असली तरी टोकाजवळचं द्रव सलग चालवताना चांगलंच तापतं. काही सेकंद चालू, त्याहून जास्त वेळ बंद, असं करा. बर्फात फार वेळ ठेवल्यावर मात्र युरिया नळीतच गोठून बसेल, त्याबद्दल पुढे.

व्हॅक्यूम कॉन्सन्ट्रेटरही असाच. नमुना आटवायला ४५ अंशांवर लावला की पाणी उडतं, युरिया मागे उरतो आणि प्रथिन अधिकाधिक दाट, गरम युरियात शिजत राहतं. आमचं चौथं प्रकरण यातच अडकलं होतं. आटवायच्या आधी क्षार काढा, नंतर नाही.

पचनासाठी युरिया तसाही पातळ करावा लागतो, कारण ८ मोलरमध्ये ट्रिप्सिन नीट काम करत नाही. लायस-सी हे एन्झाइम मात्र बऱ्यापैकी दाट युरियात टिकतं. ४ मोलरमध्ये आधी लायस-सी काही तास, मग १ मोलरच्या खाली आणून ट्रिप्सिन, ही जोडी म्हणूनच लोकप्रिय आहे. पातळ केल्याने सायनेटही त्याच प्रमाणात घटतं, हा वरचा फायदा. रात्रभर ठेवण्याऐवजी तीनचार तासांत भागतंय का तेही पाहा. ट्रिप्सिन थोडं जास्त घालावं लागेल.

बफर अमोनियम बायकार्बोनेटचा असेल तर समतोल युरियाच्या बाजूला झुकतो. वरचा २० मिलिमोलरचा आकडा धरून गणित केलं, तर ८ मोलर युरियात ५० मिलिमोलर अमोनियम असताना समतोलाचं सायनेट ७ मिलिमोलरच्या आसपास येतं, आणि १०० मिलिमोलर असताना ४ मिलिमोलरच्या जवळ. पण अमोनियममुळे सायनेट बनायचं थांबत नाही, फक्त परतीची वाट रुंद होते. ट्रिससारखी अमाइन असलेली बफर सायनेटचा काही भाग स्वतःवर घेतात. त्यांच्या भरवशावर जुनं द्रावण मात्र वापरू नका.

पचन झालं की लगेच ट्रायफ्लुरोॲसेटिक किंवा फॉर्मिक आम्ल घालून पीएच तीनच्या खाली आणा. दोन गोष्टी एकदम होतात: अमिनो गट प्रोटॉन घेऊन झाकले जातात, आणि सायनेट स्वतःच कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियममध्ये मोडून जातं. मग सी-१८ कॉलमवर क्षार काढा. "उद्या करू" म्हणून आम्ल न घालता ठेवलेली नळी हीच दुसऱ्या प्रकारच्या पेप्टाइडांची मोठी खाण असते.

थंड खोलीत कॉलम बंद पडतो, ती तक्रार वेगळी

ही बऱ्याचदा वरच्या तक्रारीच्या पाठोपाठ येते, कारण सायनेटच्या भीतीने लोक सगळं ४ अंशांवर हलवतात. ८ मोलर द्रावणात १०० ग्रॅम पाण्यामागे सुमारे ७५ ग्रॅम युरिया असतो. १०० ग्रॅम पाणी २० अंशांवर साधारण १०८ ग्रॅम युरिया विरघळवतं आणि शून्यावर ६७ च्या आसपास. म्हणजे थंड खोलीत तुम्ही अगदी काठावर असता. प्रथिन शुद्ध करायच्या निकेल कॉलमच्या जाळीत स्फटिक धरतात, दाब चढतो, आणि कॉलम खराब झाला म्हणून फेकला जातो. फेकू नका. खोलीच्या तापमानाला आणा, कोमट पाणी सावकाश सोडा, सहसा मोकळा होतो. युरियातलं शुद्धीकरण खोलीच्या तापमानालाच करावं, पण ताज्या द्रावणात आणि एका दिवसात उरकावं. थंडच हवं असेल तर ६ मोलर चालतंय का ते आधी पाहा.

तरीही ४३ जात नसेल

मग युरियाच सोडायचा. ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड सायनेट बनवत नाही आणि उलगडण्यात युरियापेक्षा जोरदार आहे. पण ते स्वतः आयनी असल्याने फोकसिंगमध्ये आणि आयन-विनिमय कॉलमवर चालत नाही, एसडीएसबरोबर पांढरा साका धरतं, आणि ट्रिप्सिनसाठी युरियापेक्षा जास्त पातळ करावं लागतं. सोडियम डीऑक्सिकोलेट हा दुसरा पर्याय. आम्ल घातल्यावर तो खाली बसतो आणि वेगळा काढता येतो, पण काही चिकट पेप्टाइड स्वतःबरोबर घेऊन जातो. मी स्वतः रोजच्या कामाला अजून ताजा युरियाच वापरते. तो स्वस्त आहे, सौम्य आहे, आणि त्याचे दुर्गुण आता तरी ओळखीचे झालेत.

एक अपवाद आहे, तिथे मात्र युरियाची बाटली हातात धरू नये. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तात युरिया वाढलेला असतो आणि त्यांच्या प्रथिनांवर शरीरातच कार्बामायलेशन होतं. कार्बामिल लागलेल्या लायसिनला होमोसिट्रुलिन म्हणतात आणि तो शरीरात बनला की नळीत, हे वस्तुमानावरून सांगता येत नाही. दोन्ही अगदी एकच रेणू. असे नमुने सुरुवातीपासून युरियाशिवाय करावे लागतात. शिवाय निरोगी रक्ताचा एक नमुनाही त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये सोबत चालवायचा. त्यातही मोठ्या प्रमाणात ४३ दिसलं तर रुग्णाबद्दल काही लिहायच्या आधी आपल्या नळ्यांकडे परत यायचं.